पेला कुठे धरायचा

बीजिंगच्या बसथांब्यावर रांगेत माझ्यापुढे एक म्हातारा आणि त्याची लेक उभी होती.

"बाबा, रुईचे होणारे सासरे अमेरिकेहून आलेत. आज जेवताना लग्न ठरायचंय. पेल्याला पेला भिडवताना आपला त्यांच्यापेक्षा खाली धरू नका, आपण कमी ठरू."

"समोरच्याला मान द्यायचा तर आपला पेला खालीच धरतात, पोरी."

"बहात्तर साली त्यांचा अध्यक्ष आला, तेव्हा आपल्या पंतप्रधानांनी अगदी बरोबरीनं भिडवला. तुम्हीच सांगता ना!"

"तिथे देशाचा मान होता. इथे नातीचा संसार आहे."

"पण रुईनं त्यांनाही खाली धरायला शिकवलंय!"

"मग मी आणखी खाली धरीन."

"अन् त्यांनीही तेच केलं तर?"

"तर दोघं टेबलाखाली भेटू. तिथेच लग्न ठरवून टाकू!"