टाकी जाईल तिथे

नाही नाही, गोड्या पाण्यातले नकोत दादा, ते मी दारापाशीच बघितले — खाऱ्या पाण्यातलेच पाहिजेत, आणि अगदी तसेच. म्हणजे केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन, ते बोटांसारखं हलणारं फूल असतं ना, हात लावला की चटका देणारं, त्यात लोळणारे — ते फूलही द्या — आणि एक पिवळाधमक, चपटा, आणि ती लाल पाठीची कोळंबी, दुसऱ्या माशांचे दात कोरून देते ती. दात नसतील, नुसतं तोंड असेल, मला काय ठाऊक, मी आपली आमच्या बोक्याचं ऐकून सांगतेय. बोका म्हणजे माझा मुलगा. चार वर्षांचा आहे, टाकीसमोर मान न हलवता बसून राहतो, म्हणून घरात बोका नाव पडलं. टाकी केवढी? एवढी — नाही, एवढी, शिलाई मशीन मावेल एवढी धरा. मी मशीनवरच बसते ना दिवसभर, शाळेची दप्तरं शिवतो आम्ही कारखान्यात, मला सगळं मशीनच्याच मापात सुचतं. लहान पडेल? त्या पिवळ्याला? तो तर माझ्या तळहाताएवढा — असं, वाढतो. पोहायला लांबी लागते. बरं, पिवळा राहू द्या, बोक्याला सांगेन तो गावाला गेलाय. केशरी चालतील ना पण? चालतील, मग झालं तर, ते द्या, आणि ते हिरवं, मखमलीसारखं खडकावर पसरलेलं असतं, कोरल, तेही द्या तुकडाभर. खात नाहीत ना हे एकमेकांना? विचारून घेतलेलं बरं. मला वाटायचं मासे म्हणजे मासे, सोडले पाण्यात की झालं, पण आमच्या जाऊबाई त्यांच्या टाकीसमोर बसून बोक्याला सांगत असतात — याचं त्याच्याशी पटतं, त्याचं याच्याशी पटत नाही, हा कोरलाला तोंड लावत नाही म्हणून याला घरात घेतला — जशी काही सोयरीकच जमवतायत.

काय म्हणालात? दीड महिना? नुसतं पाणी भरून ठेवायचं, त्यात काही न सोडता? तयार व्हायला म्हणजे काय हो, पाण्याला काय विरजण लावायचंय? — हो, कळलं, आधी सोडले तर मरतात, कळलं. पण दीड महिना नाही चालणार दादा. रविवारी जातायत ते लोक.

कोण म्हणजे, आमचे थोरले दीर आणि जाऊबाई. नवीन घर घेतलंय त्यांनी, लांब, तिकडे शाळा म्हणे दारातच आहे, आणि ठरलंय असं की बोका त्यांच्याकडे राहणार. कुणी ठरवलं ते मला विचारू नका, मी भाजी चिरत होते, माझ्या डोक्यावरून ठरलं. मी आमच्या ह्यांना रात्री म्हटलं, अहो, पोर माझं आहे. तर म्हणतात, तुझंच आहे की, कोण नाही म्हणतंय, शनिवार-रविवार येईल आपल्याकडे, तू दिवसभर कामावर, आणि वहिनीला त्याची सवय आहे. तिला सवय आहे. आणि मला काय आहे, खोकला? म्हणून मग मी बोक्यालाच मांडीवर घेतलं, म्हटलं, तू कुणाकडे राहणार रे राजा? तो म्हणाला, टाकी जाईल तिथे. बघा, टाकी म्हणाला. मोठी आई जाईल तिथे असं नाही म्हणाला. म्हणजे त्याला काचेचं वेड आहे, माणसाचं नाही, आणि काच काय, मीही आणू शकते. तशी बाई वाईट नाही हां. जीव लावते त्याला. मी कामावर गेले की न्हाऊ घालते, भरवते, आणि ते एक जाडं पुस्तक आहे तिच्याकडे, चित्रांचं, त्यातून एकेका माशाचं इंग्रजी नाव वाचून दाखवते. पदवी घेतलीय ना. मी सातवीत शाळा सोडली. परवा त्याने ते पुस्तक माझ्यासमोर धरलं आणि म्हणाला, हा कोण? मी म्हटलं, हा मासा. तो हसला. वाईट नाही हसला, लहान आहे, पण पुस्तक उचललं आणि तिच्याकडे गेला, आणि तिनेही तिथून, माझ्याकडे बघत बघत, नाव सांगितलं. तिला काय आहे सांगायला, मूल नाही, बाळ नाही, कारखाना नाही, सगळा दिवस तिचा आहे आणि वर माझा एकुलता एक —

जाऊ द्या. तो कोण हो, कोपऱ्यातल्या टाकीत एकटाच? तो काळ्या पट्ट्यांचा, लांब तोंडाचा. केवढा देखणा आहे, आणि त्याच्या टाकीत ना खडक, ना फूल, एखादा नळाचा तुकडा टाकलाय तुम्ही लपायला. बिचारा. शिक्षा झालीय का त्याला? — हं. कोरल खातो. सगळंच? कुरतडत कुरतडत. माशांना मात्र काही करत नाही, बरं. आणि तरी ठेवता तुम्ही? — चुकून आला मालात. हं. फुलपाखरू मासा म्हणतात होय याला. नावावरून वाटत नाही.

नाही, मी सहज बघतेय. म्हणजे मला असं सुचलं, की माझी टाकी तर होत नाही, तर त्यांनाच काहीतरी न्यावं. नवीन घरात जातायत, रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, धाकट्या जावेने काही दिलं नाही म्हणतील. मासा आवडेल त्यांना. हाच. दिसायला किती शोभिवंत आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत भरेल. बांधा ना पिशवीत. — त्यांच्याकडे कोरल? नाही, काही विशेष नाही. असेल एखादं. हिरवं. थोडं जांभळं आहे एका बाजूने. आता तुम्ही त्यांची टाकी काय बघितलीय का एवढं खोदून विचारायला.

बघितलीय?

तुम्हीच लावलीत. — अच्छा. मग मघापासून हे सगळं ऐकून का घेतलंत, आधी सांगायचं ना. मी आपली बोलत सुटले. तुम्ही ओळखलंतच असेल, केशरी जोडीच म्हटल्यावर. हसू नका. — नाही हसलात, बरं.

मग ऐका आता, अर्धवट ऐकून तुम्ही मला भलतीच समजाल. मी काही कुणाचं वाईट करणारी नाही. मला एवढंच पाहिजे होतं की टाकी जरा बिघडावी. जरा. मासे मरायला नकोत, तेवढं मला कळतं, हा माशांना काही करत नाही असं तुम्हीच म्हणालात, फक्त ते हिरवं जरा — म्हणजे मग त्याला ती टाकी पहिल्यासारखी नाही वाटणार, कंटाळेल, आणि म्हणेल आई, मला घरी जायचंय. एवढंच. त्या हिरव्याचं नाव त्याने गादी ठेवलंय. मासे तिथे झोपतात म्हणून. रोज निजायच्या आधी काचेला नाक लावून गादी नीट आहे का ते बघून येतो, मगच आडवा होतो. कुरतडली तर पहिलं त्यालाच दिसणार. रडेल. रडणारच, फार हळवा आहे, मुंगी मेली तरी रडतो. रडला की मी घेईनच ना जवळ. आईच लागते रडताना, नाही का? बाकी दिवसभर कुणी का मासे दाखवीना, रडताना पोर आईकडेच —

गेल्या आठवड्यात जिन्यात पडला. गुडघा फुटला, रक्त आलं. मी खालच्या पायरीवर होते, दोन्ही हात पुढे केले. तो माझ्या हातांच्या मधूनच वर पळाला, मोठी आई, मोठी आई करत. माझ्या साडीला रक्त लागलं, एवढा जवळून गेला.

अहो, ती पिशवी घेऊन कधीपासून उभे आहात, ओता पाणी परत, मला नकोय तो. कुणालाच देऊ नका. आणि मी आले होते हे तिकडे बोलू नका, तुमच्या पाया पडते, ती काही म्हणणार नाही, ती चांगलं वागेल माझ्याशी, आणि ते मला सोसायचं नाही.

टाकी हलवायला रविवारी तुम्हीच येणार असाल ना? बादल्या घेऊन, सकाळीच? मग एक करा. दुपारी या. ऊन उतरल्यावर या. काहीही सांगा त्यांना, गाडी मिळाली नाही म्हणा. रविवारी मला सुट्टी असते, सकाळी तो माझ्याजवळ झोपलेला असतो.

बास, तेवढंच. बघा जा, ते दुसरं गिऱ्हाईक खोळंबलंय.