सोमवारी रुजू होणारा

मालक: हात का थांबला? कॉइल अर्धी सोडून कुणी बसतं का?

ताई: तुम्ही आत्ता काय म्हणालात ते परत म्हणा.

मालक: म्हटलं, शुक्रवारी तुझी मुदत संपते, सोमवारी नवा येतो. टेबल आवरून ठेव. आणि जमलं तर एखादी चक्कर मार, मोटरच्या खाचांत कागद कसा घालायचा तेवढं त्याला दाखव. मला शिकवायला धीर नाही, ते तुला माहीतच आहे.

ताई: नवा येतो तो माझ्या जोडीला ना, काका?

मालक: जोडीला कसा? योजनेत एका दुकानाला एकच शिकाऊ. सहा महिने सरकार त्याचे पैसे देतं, मग तो जातो आणि दुसरा येतो. नियम काय मी केलेत?

ताई: पण गिऱ्हाईक आलं की तुम्हीच सांगायचात, ही आता घरचीच झाली म्हणून.

मालक: मग? आहेसच घरची. घरच्या माणसाला पगार देताना पाहिलंय कुणाला? बरं, चेष्टा केली. रडतेस काय?

ताई: रडत नाही. वार्निशचा वास डोळ्यांत जातोय.

मालक: हे बघ, सरळ सांगतो. तुझ्या हाताला काम आलंय. जळालेली मोटर घेऊन येणारा आता माझ्याकडे बघतही नाही, आधी विचारतो ती मुलगी कुठेय. पण तुला ठेवायचं म्हणजे पगार माझ्या गल्ल्यातून जाणार. फुकटचा माणूस दारात उभा असताना मी पगार वाटायला लागलो, तर बायको मलाच कुठेतरी शिकाऊ म्हणून धाडेल.

ताई: आणि मी काय करू? योजना दुसऱ्यांदा मिळत नाही.

मालक: दुसरं दुकान बघ.

ताई: कुठलं? या बाजारात प्रत्येकाने एकेक शिकाऊ बसवलाय. एवढं काम हाताला येत असून मी दारोदार फिरले तरी विचारतील, तुझे पैसे कोण भरणार?

मालक: विचारतील खरं. मीही विचारलं असतं. इकडे ये जरा. एक सांगतो, पण मी सांगितलं असं कुठे बोलायचं नाही. नवा सोमवारी रुजूच झाला नाही, तर जागा रद्द होते. वर्षभर मला दुसरा मिळत नाही. मग मी काय करणार? एवढ्या मोटरी माझ्या एकट्याच्यानं उरकत नाहीत. तुलाच ठेवावं लागेल. रीतसर, पगारावर.

ताई: खरं सांगताय?

मालक: खोटं बोलून मला काय मिळायचंय? आणि असे न येणारे पुष्कळ असतात. कुणाला लांब पडतं, कुणाला हात काळे करायची लाज वाटते. हा तर पदवीवाला आहे म्हणे. टिकतोय कसला! कोण आहे, कुठला आहे, कुणास ठाऊक.

ताई: मला ठाऊक आहे.

मालक: तुला?

ताई: माझा धाकटा भाऊ आहे. तुम्हाला सोमवारी सांगून चकित करणार होते.

मालक: अरे देवा. आणि त्याला नेमकं माझंच दुकान सापडलं?

ताई: त्याला नाही, मला सापडलं. अर्ज मीच भरला. पसंतीचं दुकान कोणतं विचारलं, तिथे तुमचं नाव टाकलं. वाटलं, मी तर कायम होणार, तो शेजारी बसेल, नजरेसमोर राहील. दोन वर्षं पांघरुणात तोंड खुपसून पडलाय तो.

मालक: स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलास की गं.

ताई: मला कुणी सांगितलंच नाही, एकाला उठवून दुसऱ्याला बसवतात म्हणून.

मालक: मग आता सोपंच आहे. घरातलाच आहे. सांग त्याला, येऊ नकोस.

ताई: सोपं म्हणता?

मालक: परका असता तर सांगितलं असतंस ना?

ताई: परका असता तर रस्त्यात गाठून सांगितलं असतं.

(त्याच दिवशी संध्याकाळी, घरी. धाकटा शर्टाला इस्त्री करतोय.)

धाकटा: ताई, चपला बाहेरच काढ. फरशी पुसलीय.

ताई: कुणी, तू? बरं वाटतंय ना?

धाकटा: हस, हसून घे. आणि हे सांग, पहिल्या दिवशी पूर्ण बाह्यांचा घालू की अर्ध्या?

ताई: अर्ध्या. पूर्ण बाही तारेत अडकते.

धाकटा: बघ, हे असलं सांगायला तू आहेस म्हणून मला धाकधूक नाही. नाहीतर मुलाखतीच्या नुसत्या नावानं मी पांघरुणात शिरायचो. आई तर हवेतच आहे. शेजारी सांगून आली, माझी दोघंही कामाला, आता बरोबर जातील, बरोबर येतील.

ताई: तिला कुणी सांगितलं होतं गावभर सांगत फिरायला?

धाकटा: चिडतेस कशाला?

ताई: चिडले नाही.

धाकटा: आज मी दुपारी झोपलो नाही, माहीत आहे? आडवा झालो, पण झोपच येईना. तू आणलेली ती जळकी कॉइल होती ना खिडकीत, ती उलगडत बसलो. म्हटलं, तार आत घातलीय तरी कशी ते बघू.

ताई: मग?

धाकटा: गुंता झाला. शिकवशील ना?

ताई: तुला जमणार आहे का ते, विचार केलायस? दिवसभर वाकून बसायचं. पाठ धरते. वासानं डोकं उठतं. हात काळे होतात ते साबणानंही निघत नाहीत. तू एवढा शिकलेला.

धाकटा: दोन वर्षं तूच कानीकपाळी ओरडत होतीस, पदवी उशाला घेऊन झोपू नकोस म्हणून. आता काय झालं?

ताई: कुठे काय.

धाकटा: ताई, मालक काही म्हणाले का? मी नकोय त्यांना?

ताई: तू हवास. तू फुकट आहेस, तू हवासच. मी नकोय. एका दुकानाला एकच शिकाऊ. माझे सहा महिने शुक्रवारी भरतात.

धाकटा: पण तू तर कायम होणार होतीस.

ताई: असं मीच म्हणत होते. ते कधीच म्हणाले नव्हते.

धाकटा: म्हणजे मी तुझ्या जागेवर.

ताई: आणि तू गेला नाहीस, तर मला ठेवून घेतील. पगारावर. तेही सांगितलं त्यांनी. झालं, आता तुला सगळं माहीत आहे. इस्त्री उचल, वास येतोय.

धाकटा: घरात शिरल्या शिरल्या का नाही सांगितलंस?

ताई: शिरले तर तू फरशी पुसून बसलेला. काय तोंडानं सांगणार होते?

धाकटा: म्हणजे स्टूल एकच. आधी तू, मग मी. आणि वर योजनेवाले मोठ्या अक्षरांत छापतील, एका घरातले दोन बेकार कामाला लावले.

ताई: छापू देत. तुझं बोल.

धाकटा: माझं काय? मी जात नाही.

ताई: बस, एवढंच?

धाकटा: मग भांडू का तुझ्याशी? तुला पगार मिळेल, घरही चालेल. मला काय, सवय आहे. शर्ट कुठे टांगू?

ताई: कुठे निघालास?

धाकटा: पडतो जरा.

ताई: पडायचं नाही. आत्ता पांघरूण ओढलंस तर ते खिडकीतून खाली फेकीन.

धाकटा: मग तूच ठरव ना. जाऊ की नको?

ताई: मला तुझा राग येतोय. तुझी काडीची चूक नाही, तरी येतोय. वाटेत सगळं जुळवत आले होते, याला कसं परतवायचं. पाठ, वास, काळे हात. ऐकलंस ना मघाशी?

धाकटा: ऐकलं. मला वाटलं, काळजीनं बोलतेस.

ताई: नव्हते काळजीनं बोलत.

धाकटा: असं करू, मी जातो आणि कामाचा विचका करतो. दोन मोटरी जाळतो. आठवड्यात हाकलतील आणि तुला बोलावून घेतील.

ताई: खबरदार. दवाखान्याच्या पंपाची मोटर येते आमच्याकडे. ती जळाली तर वरच्या मजल्यावरच्या पेशंटला प्यायला पाणी नाही.

धाकटा: आमच्याकडे म्हणालीस.

ताई: म्हणाले. शुक्रवारपर्यंत आमच्याकडेच.

धाकटा: रडतेयस तू.

ताई: हो, रडतेय. आईचं दोऱ्याचं रीळ आण. आणि तो जाडा लाकडी चमचा.

धाकटा: आता कशाला?

ताई: आण म्हटलं ना. बस इथे. चमच्याच्या दांड्यावर गुंडाळ. सैल नको. ओढूही नकोस एवढा, तार असती तर तुटली असती. वेढ्यावर वेढा चढवायचा नाही, शेजारी शेजारी बसवायचा.

धाकटा: असं?

ताई: अंगठा आत घे. हं. आणि मनात मोजत राहायचं. कुणी हाक मारली तरी मान वर करायची नाही. सोमवारी मालक मुद्दाम हाक मारतील.

धाकटा: ताई, तुला खरंच नकोय का ते काम?

ताई: तुझं नकोय. मला माझं हवं होतं.

धाकटा: एकच आहे गं ते.

ताई: माहीत आहे. सैल पडलं बघ. उकल आणि पुन्हा घाल.