आंदणातला लहान डबा

आमचं गाव यावलकडचं, आईबाप केळीच्या बागेत मजुरीले जायचे, मीपण घड वाहिले, शाळेचं तोंड काही पाहिलं नाही. लग्न करून जळगावात आली ती इथंच, मेहरूणला, या शेठच्या बिल्डिंगीत. माझ्या पोरीचे, रेखाचे बाबा इथं वॉचमन होते. ते गेल्यावर शेठाणी म्हणे कमल, जिन्याखालची खोली राहू दे तुला, भाडेकरू गेला की त्याची खोली धुऊन देत जा. तेव्हापासून मी लोकांच्या रिकाम्या खोल्या धुते.

काय सांगू तुम्हाले, लोक काय काय सोडून जातात. बदली होते, टेम्पोत जागा नसते, मग गादी राहते, बादली राहते, मिक्सर राहतो, नुसतं बटण तुटलेलं. शेठाणी म्हणे घेऊन जा, कचराच आहे तो. त्या कचऱ्यावर घर चाललं माझं. वरच्या मजल्यावरच्या बाईनं टाकलेल्या पडद्याचा फ्रॉक शिवला रेखाले, तर ती म्हणे अगंबाई, हा तर आमचा हॉल चालला! ती हसली, मीपण हसली. काय करणार.

रेखा एकुलती एक. तिच्या आंदणाची भांडी मी अशीच जमवली, राहिलेलं स्टील घासून पेटीत ठेवायची. आता आपल्याकडे भांड्यावर नाव टाकल्याशिवाय ते घरात येत नाही, कोणी कोणाले लग्नात दिलं, वास्तूले दिलं, बठ्ठं, सगळं कोरलेलं असते. परक्यांची नावं घेऊन पोरीले कसं पाठवणार? भांडेवाल्याकडून नावं घासून घेतली, पॉलिश केलं, नव्यासारखं झालं. रेखाले पेटी उघडू दिली नाही, तिले कळलं असतं तर म्हणाली असती मले काहीच नको.

एकात एक बसणारे डबे होते, त्यातला सगळ्यात लहान नव्हता. दुसऱ्या कुठल्या खोलीतला एक मी आत बसवला, बरोबर बसला. तो पॉलिशले द्यायचा राहिला. त्यावर अक्षरं होती, पण मले कुठं वाचता येते, मले वाटलं आतला डबा, कोण बघते.

असोद्याची सोयरीक, घरच्या केळीच्या बागा. मांडवात आंदण मांडलं, त्यांच्याकडच्या बाया पाहायले आल्या. एकीनं डब्यातून डबा काढत काढत तो लहान डबा काढला आणि मोठ्यानं वाचलं, कैलासवासी अमक्यातमक्याच्या स्मरणार्थ. गंधमुक्तीले, दिवसकार्याले वाटलेला डबा, बाई! मेलेल्या माणसाच्या नावाचा, लग्नाच्या मांडवात. विहीणबाई म्हणे आमच्या पोराचं मरण चिंतता का हो? दुसरी म्हणे बाकीचंपण उलटं करून बघा गं. नाव घासलं तिथं चकाकी वेगळी पडते, ती त्यांना दिसली. बठ्ठं जुनं शे, म्हणे. रेखा मुंडावळ्या बांधून बसलेली, तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं.

लग्न मोडलं नाही. पोरगी नेली, भांडी तिथंच ठेवली.

मग रेखाच्या सासऱ्याले अर्धांगवायू झाला, दोष त्या डब्यावर आला. म्हैस आटली, तोपण त्या डब्यावर. रेखाले माहेरी पाठवत नाहीत, म्हणतात त्या घरचं पाणीसुद्धा नको. फोन करते कधी, हळू आवाजात.

मागच्या महिन्यात नातवाचं बारसं झालं. मी दुकानातून नवी कोरी वाटी घेतली, खोक्यासकट नेली. विहीणबाईनं सगळ्यांसमोर उलटी करून पाहिली आणि खिडकीत ठेवून दिली. त्याचं मले काही वाटलं नाही. पण निघताना रेखा दारापर्यंत आली, हळूच म्हणे आई, खरं सांग, दुकानातलीच होती ना?

पोटची पोर. बाकी कोणी विचारलं असतं तर मी भांडली असती.

तुम्हीपण खोली सोडताय, शेठाणी सांगत होती. चांगली नोकरी लागो, स्वतःचं घर होवो तुमचं. पण ते टेबल, तो पंखा घेऊन जा, नाहीतर विकून टाका. मी धुवायले येईन तेव्हा खोली रिकामी असू द्या.