भाटघरच्या पाण्यावर पुढचा पाय

नाही, तुम्ही हसा, हसायला माझी हरकत नाही, पण तुम्हाला सांगतो, तार आली तो दिवस इतका साधा होता की माझी पहिली तक्रार तीच आहे... अहो, काहीतरी वेगळं नको का असायला अशा दिवसात? मांजर आडवं जावं, दूध नासावं, निदान डोळा तरी लवावा. काही नाही. दिवाळी तोंडावर आलेली, मागल्या दारी आमची सरोज पंच्यावर अनारशाचे तांदूळ पसरत होती, मी पायरीवर बसून बॅटला जवसाचं तेल चोळत होतो, आणि ती म्हणत होती की समईत तेल घाला म्हटलं तर यांचा हात दुखतो, आणि या फळकुटाला मात्र सकाळपासून अभ्यंगस्नान चाललंय... एवढ्यात पुढल्या दारी पोस्टाचा माणूस आला. त्याने आधी पाणी मागितलं, ते सावकाश प्यायला, आणि मग तार दिली. पुण्याची. माझा धाकटा भाऊ शरच्चंद्र विषमज्वराने गेला होता. ताप आहे म्हणून कळवलंसुद्धा नव्हतं त्याने. वाटलं असेल, उतरेल.

असो. त्याबद्दल मला बोलायचं नाही. मला बोलायचंय ते माझ्या उभं राहण्याबद्दल.

आता तुम्ही म्हणाल, केशवराव, चाळिशी उलटलेला माणूस, भोर संस्थानच्या कचेरीत कारकून, उभं राहण्याबद्दल बोलायचं काय असतं त्यात? तेच तर. मलाही वाटायचं की मला उभं राहता येतं. लहानपणी कधीतरी शिकलो, घरच्यांनी कौतुक केलं, प्रकरण मिटलं. पण हा शरू पुण्याला कॉलेजात क्रिकेट शिकून आला, तिथेच शाळेत मास्तर झाला, आणि दर शनिवारी अर्धी शाळा सुटली की सर्व्हिस मोटारीने भोरला यायचा आणि आमच्या क्लबाला शिकवायचा. क्लब म्हणजे काय, तर कचेरीतले आम्ही काही, शाळेतले काही, एक वैद्य, आणि नदीकाठच्या माळावर अंथरायची काथ्याची मॅट. तर पहिल्याच दिवशी शरू माझ्याकडे बघत राहिला. चेंडू आला, मी मारला, आणि मारून झाल्यावर जसा झाडावरून फणस यावा तसा ऑफच्या बाजूला आडवा झालो. पुन्हा चेंडू, पुन्हा फणस. तो जवळ आला, आणि हळू आवाजात, जसं काही देवळात बोलतोय, म्हणाला, "दादा, तोल."

तुम्हाला सांगतो, तो कधी ओरडला नाही. ओरडला असता तर मी ऐकलं नसतं, वडील भाऊ आहे मी. पण तो असा हळू बोलायचा की दुसऱ्यांदा ऐकण्यासाठी माणसाने आपण होऊन सुधारावं. "दादा, तोल." जेवताना मी ताकाच्या भांड्याकडे वाकलो की, "दादा, तोल." देवळात नमस्कार घालताना, "दादा, तोल." सरोजला तर आयतंच सापडलं. म्हणाली, "भावजी, तुम्ही मैदानातलं काय सांगता, यांना घरात तरी कुठे उभं राहता येतं? दार दिसलं की दाराला टेकतात, खांब दिसला की खांबाला. दोन्ही नसले तर माझ्याकडे बघतात."

मग शरूने शोध लावला. एक दिवस कचेरीत आला, मी खाली मांडी घालून, एक गुडघा वर, उताराच्या डेस्कावर एका अंगाला कलून लिहीत होतो, जसा वीस वर्षं लिहीत आलो तसा. तो दारातूनच बघत राहिला. बाहेर पडल्यावर म्हणाला, "दादा, कळलं मला. तू उभा असतोस तेव्हाही बसलेलाच असतोस." अहो, संस्थानने पगार दिला तो कलण्याचाच की.

आणि मग, तुम्हाला सांगतो, त्याच्या डोक्यात ती होडी आली.

भाटघरला सावळाराम म्हणून एक, धरणाच्या फुगवट्यावर होडी चालवायचा, पलीकडच्या वाड्यांतली माणसं, भाताची पोती, शेरडं, सगळं अलीकडे आणायचा. शरूने त्याला काय सांगितलं कोण जाणे, पण श्रावणातल्या एका शनिवारी मी सायकलच्या मागे धोतर आवरत बसलेलो, शरू पॅडल मारतोय, बॅट माझ्या मांडीवर, आणि आम्ही धरणावर. मला वाटलं, फिरायला आणलंय. भाऊ आहे, हवापालट करतोय. होडी मध्यावर गेल्यावर म्हणतो, "दादा, उभा राहा."

मी म्हटलं, "कशाला?"

"बॅटिंगला."

अहो, विचार करा. खाली पाणी, आजूबाजूला पाणी, वर श्रावणातले ढग, आणि मी होडीत बॅट धरून. समोरच्या टोकाला शरू, त्याच्या हातात चिंध्यांचा चेंडू, त्याला सुतळी बांधलेली, म्हणजे पाण्यात पडला की ओढून घ्यायचा. मला सुतळी बांधली नव्हती. म्हणाला, "जमीन तुला सांभाळून घेते दादा, म्हणून तुला कळत नाही. पाणी नाही सांभाळून घेत. वजन चुकलं की लगेच सांगेल." आणि टाकला चेंडू. आणि पाण्याने लगेच सांगितलं.

तुम्ही कधी धोतर नेसून पाण्यात पडलायत का? पडू नका. ते फुगतं. मी बुडत नव्हतो, हे खरं, पण दिसत होतो कसा ते सावळारामच्या तोंडावर कळत होतं. त्याने वल्हं पुढे केलं, मला वर घेतलं, आणि म्हणाला, "सायेब, बसा की गप. बसल्याला मानूस बुडत न्हाई."

मग दर शनिवारी तेच. सावळाराम वल्हं धरून बसायचा आणि मला बोलायचा. त्याला एक आवडतं वाक्य सापडलं होतं. म्हणायचा, "सायेब, तुमी जिथं हुबं हायसा ना, तितं खाली माजं खाचर हाय. धरान वाढलं तवा गेलं. माज्या बानं तितं भात लावला, म्या लावला, आन आता तुमी त्येच्या डोक्यावर काटी फिरवताय. काय येतंय का उगवून?" शरू हसायचा, मीही हसायचो, आणि हसलो की होडी हलायची, आणि होडी हलली की, "दादा, तोल."

पण सांगू का... त्या पाण्यावर काहीतरी होतं. भादवा सरत आला, धरण काठोकाठ भरलेलं, वारा पडलेला. डोंगर पाण्यात उलटे उतरलेले, इतके स्वच्छ की कुठला खरा ते बघावं लागावं. खाली सावळारामचं खाचर, त्यावर पाणी, पाण्यावर आम्ही. मी बांधावर उभा आहे आणि पाणी म्हणजे नुसती जरा जड झालेली हवा आहे, असं वाटायचं मला. कचेरी नाही, डेस्क नाही. शरूने चेंडू टाकला. तो असा सावकाश येताना दिसला, जसा कुणी तो मला आणून देतोय. आणि माझा पुढचा पाय आपला आपण गेला, डोकं त्याच्यावर गेलं, बॅट त्याच्या शेजारी आली, आणि टप्... चेंडू बॅटखालीच पडला. होडी हलली नाही. अहो, होडी हलली नाही. पाण्यात एक तरंग उठला नाही. मी तसाच उभा. सावळारामने वल्हं खाली ठेवलेलं. शरूकडे बघितलं, वाटलं आता म्हणेल. तो सुतळी हळूहळू गुंडाळत बसला.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. माणूस थांबतो का?

दसऱ्यानंतर पुण्याचा एक क्लब आमच्याशी खेळायला आला. माळावर निम्मं भोर लोटलेलं. मला शेवटी पाठवलं. समोरच्या टोकाला शरू, थोड्याच धावा हव्यात, त्या तो काढणार. मी फक्त पडायचं नाही. एवढंच काम. अंगावर नुसतं उभं राहण्याचं काम असलेला असा मी, पहिल्यांदाच स्वतःवर खूश होऊन, मॅटवर जाऊन उभा राहिलो.

आणि डुलायला लागलो.

तुम्हाला सांगतो, मला ते माहीतच नव्हतं. मला वाटत होतं मी स्थिर आहे. पण गुडघे होडीला शिकलेले, ते येणाऱ्या लाटेला वाट देत होते, आणि लाट येत नव्हती. इकडून तिकडे, तिकडून इकडे, जसा देव्हाऱ्यापुढे टांगलेला दिवा. पुण्याचा तो उंच बोलर धावत आला आणि अर्ध्यात थांबला. अंपायर म्हणून आमच्या शाळेचे गणिताचे मास्तर, ते जवळ येऊन म्हणाले, "केशवराव, पित्त झालंय का?" मी म्हटलं, नाही. "मग स्थिर उभे राहा." मी म्हटलं, स्थिरच आहे! बाजूने कुणीतरी वैद्यांना बोलावलं, ते पॅड सोडत होते, तसेच एक पॅड बांधलेले धावले, नाडी बघितली, म्हणाले, नाडी उत्तम आहे, बाकी मला सांगता येत नाही.

पुन्हा बोलर आला. चेंडू सुटला. तसाच सावकाश, भाटघरसारखा. माझा पुढचा पाय गेला, डोकं त्यावर गेलं, आणि आता होडी मला अलगद वर उचलणार म्हणून मी वाट बघितली... जमीन कशाला उचलते? मी पुढे पुढे गेलो आणि मॅटवर पालथा झालो. चेंडू शेजारून गेला. विकेटकीपर भला माणूस होता, त्याने आधी विचारलं, लागलं का फार? मी म्हटलं, नाही. मग त्याने स्टंप पाडले.

झालं. हरलो. सगळा माळ हसत होता, पुण्याचे हसत होते, वैद्य हसत होते. मान वर करून बघतो तर समोरच्या टोकाला शरू मॅटवर बसलेला, बॅटवर कपाळ टेकून, खांदे हलतायत. हसून हसून त्याला उठता येईना. शेवटी मीच गेलो आणि त्याला हात देऊन उठवलं. धूळ झाडत म्हणाला, "दादा, चूक माझी. तुला पाण्यावर पक्का केला आणि मॅच ठेवली जमिनीवर." आणि चालता चालता, माझ्या खांद्यावर हात टाकून, "सुटीत येतोच आहे मी. आता सगळं जमिनीवर घेऊ. पहिल्यापासून."

सकाळच्या मोटारीने पुण्याला गेला.

तार आल्यावर सावळाराम एकदा घरी येऊन गेला. ओट्यावर बसला, चहा घेतला. उठताना सरोजला म्हणाला, "बाई, सायबांना दमानं घ्या."

आता क्लबवाले मला अजून नेतात. शेवटी पाठवतात. बाहेरगावचे बोलर अजून अर्ध्यात थांबतात, आमचे लोक त्यांना सांगतात, टाका हो, ते तसेच आहेत, त्यांना काही होत नाही. आणि मी डुलत उभा असतो. तुम्ही म्हणाल, एवढं कळतं तर सुधारत का नाही? अहो, कळून काय उपयोग? समोरून कुणीतरी सांगावं लागतं.

जमिनीवर उभं कसं राहायचं, ते तो दिवाळीच्या सुटीत शिकवणार होता. ते शिकायचं राहिलं.