नवरा फोटोत जातो

—नाही, हात खाली घेऊ नकोस, असाच धर, काखेत टाचण्या आहेत, टोचतील— आणि आरशात बघू नकोस, अर्धा शिवलेला गाऊन बघितला की नवरीला रडू येतं, आजवर एक सुटली नाही. काय विचारलंस? हो, तीच. बाहेर पायरीवर बसून केळीच्या सोपटाची होडी करतेय ना, तीच माझी फ्लॉसी. सेलिनचा लग्नाचा गाऊन लाल केला तो हिनेच. आगाशीपर्यंत गेलं म्हणजे हे! आणि काय सांगतात तिकडे? पोर चळलीय? हट्टी आहे? मीच माप चुकवलं आणि पोरीवर ढकललं? घे, हे मला नवीन आहे. अगं, खोटं आहे सगळं. फ्लॉसीने जे केलं ते विचार करून केलं. सहा वर्षांची पोर जेवढा विचार करते तेवढा आपल्या पंचायतीत कुणी करत नाही. सांगते. तशीही तू हलू शकत नाहीस, ऐक.

आमच्या वाडीतला गॅब्रिएल गल्फहून कायमचा परत आला तो व्हीसीआर घेऊन. नंदाखालमध्ये पहिला. रविवारी देवळातली मिस्सा झाली की अख्खी वाडी त्याच्या ओटीवर— पोरं पुढे चटईवर, बायका मागे, म्हातारे खुर्चीत. गॅब्रिएल हात जोडून सांगायचा, काळजी करू नका, सहकुटुंब बघण्यासारखं आहे. सहकुटुंब! त्यात दोन खून, एक पळून जाणं आणि एका बाईची इज्जत लुटतात. म्हणजे दिसत काही नाही हं— दार बंद होतं, मडकं फुटतं, आणि ती रडत बाहेर येते, आणि सगळे म्हणतात इज्जत गेली, इज्जत गेली. झालं. त्या दिवशी जेवायला बसलो, तर फ्लॉसी माझ्या सासऱ्यांना विचारते, "आजोबा, आपली इज्जत कुठे ठेवलीय? कुलूप आहे ना?" त्यांचा घास घशात. मी म्हटलं, कपाटात आहे, गप जेव. दुसऱ्या दिवशी सकाळी मी इथे मशीनवर, आणि ही अंगणातून बोंबलते, "आये, मी सगळं कपाट बघितलं, आपल्याकडे इज्जत नाहीच!" आणि अंगणात कोण? पुतळाबाई, कोळंबीची टोपली घेऊन. तिने टोपली उतरवलीच नाही, तशीच गेली पुढच्या घराला सांगायला.

हसू नकोस, टाचण्या सुटतात.

तर तो सिनेमा. त्यात ती हिरॉइन, लाल साडी, लाल बांगड्या, गाणं म्हणत नवऱ्याला डबा देते. नवरा मोटारसायकलवर निघतो— आणि लाईट गेली. दर रविवारी जाते तशी गेली. पोरं ओरडली, म्हातारे पेंगले, गॅब्रिएलच्या बायकोने सरबत फिरवलं. लाईट आली, पण आपल्या गॅब्रिएलने टेप मागे न्यायची तर पुढे नेली. नवऱ्याला गोळी लागते, तो मरतो, ते सगळं गेलं. एकदम काय दिसलं? ती बाई पांढऱ्या साडीत, आणि नवरा भिंतीवर फोटोत. हार घातलेला. फ्लॉसीने मला विचारलं, "आये, तो कुठे गेला?" मी पदराने वारा घेत होते, म्हटलं, बघ ना, तो काय फोटोत. मोठी माणसं बोलतात तशी बोलले. पोरीने काय ऐकलं? बाईने पांढरं नेसलं आणि नवरा फोटोत गेला.

आता तिच्या बाजूने बघ. आमच्या घरी भिंतीवर काय? माझ्या लग्नाचा फोटो. मी पांढऱ्या गाऊनमध्ये, डोक्यावर जाळीची वेल, बाजूला प्लासिड, माझा नवरा. फ्लॉसी सात महिन्यांची होती तेव्हा तो बहारीनला गेला. मध्ये एकदा आला, तेव्हा ती दोन वर्षांची, त्याला बघून सासूच्या लाल लुगड्यात तोंड लपवून बसली, आणि धीर करून बाहेर आली तोवर त्याची सुट्टी संपली. म्हणजे तिच्या हिशेबी बाप कुठे राहतो? फोटोत. आणि शेजारी जा, कुणाच्याही घरी जा— भिंतीवर पांढरी बायको, बाजूला सुटातला नवरा, आणि घरात विचारलं की नवरा नाही! कुणाचा मस्कतला, कुणाचा बोटीवर. सगळं कळल्यावर मी तिला म्हटलं, अगं, गॅब्रिएल अंकल आहे की घरी, त्याच्या बायकोनेही पांढराच घातला होता. तर म्हणते, "त्यांचा फोटो गळतीत भिजला, आंटीने काढून टाकला, मग अंकल आला." आणि खरंच गं! पावसाळ्यात फोटो भिजला, आणि दसऱ्याच्या सुमाराला गॅब्रिएल परत. आता वसई कोर्टातला कुठला वकील उभा करू मी हिच्यासमोर?

जरा वळ. इतकं नको. हं.

आणि पांढरे गाऊन शिवतं कोण? मी. सगळ्या वाडीचे नवरे फोटोत पाठवणारी कोण? तिची आई. ते तिने मला तोंडावर सांगितलं नाही, पण मशीनवर बसले की माझ्याकडे अशी बघायची... मला वाटायचं पोटात जंत झालेत. औषध दिलं मी तिला जंताचं.

मग सेलिनचा गाऊन आला. तिचा होणारा नवरा व्हिन्सेंट, वालीवच्या कारखान्यात फिटर, आमच्या दारावरून सायकलने जायचा आणि फ्लॉसीला रोज एक पेपरमिंट. तिचा जीव त्याच्यावर. एक दिवस तिने त्याची सायकल धरली आणि विचारलं, "अंकल, तू पण फोटोत जाणार?" तो बिचारा हसून म्हणतो, "जाणार तर! वसईहून खास माणूस बोलावलाय त्यासाठी." "मग परत कधी येणार?" तर म्हणतो, "एकदा फोटोत गेलो की कायमचा!" मस्करी केली त्याने. पोरीने पेपरमिंट घेतली नाही. घरात आली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मी परत जंताचं औषध दिलं.

लग्न रविवारी, हे शुक्रवारचं. गाऊन तयार, फक्त हुक राहिले होते, ते आणायला मी दुपारची आगाशीच्या बाजारात गेले. परकर रंगवायच्या रंगाच्या पुड्या माझ्याकडे असतातच. फ्लॉसीने आंघोळीची बादली घेतली, लाल पुड्या होत्या नव्हत्या तेवढ्या ओतल्या आणि सेलिनचा सात महिने निवडून आणलेला सॅटिन त्यात कोंबला. मी आले तर ही विहिरीपाशी उभी, कोपरापर्यंत लाल— मला वाटलं हात कापला. मी किंचाळले. तर म्हणते, "आता व्हिन्सेंट अंकल घरीच राहील."

मारलं ना! का नाही मारणार? मारलं, आणि मग मलाच रडू फुटलं, आणि मग तिने मला सगळं सांगितलं— लाईट गेल्यापासून गॅब्रिएलच्या गळतीपर्यंत, एकेक करून. मी ऐकत बसले. सेलिन आली, तिने बादलीत बघितलं आणि खालीच बसली. कुठे डाळिंबी, कुठे गुलाबी, वेलीला नुसते डाग. मी म्हटलं, माझा स्वतःचा गाऊन पेटीत आहे, तुझ्या मापाचा करून देते उद्यापर्यंत. पेटी उघडली, तर फ्लॉसी गाऊनवर आडवी पडली. "तो नको! तो घातलास म्हणून पप्पा गेला!" उचलली तर दातांनी लेस धरली. सेलिन रडतेय, ही रडतेय, आणि माझी सासू मागच्या दारात सुपारी कातरत उभी. काय म्हणाली माहितेय? म्हणाली, "एवढं काय झालं? आमच्या वेळी नवरी लाल लुगड्यातच देवळात जायची. हे पांढरं मडमांचं. आणि माझा नवरा बघ, पन्नास वर्षं झाली, एक रात्र सुद्धा घराबाहेर राहिला नाही." सासरे आतून खोकले. फ्लॉसीने लेस सोडली. तिला साक्षीदार मिळाला ना!

मग काय, दुसऱ्या दिवशी मी सेलिनचाच गाऊन परत बुडवला, सगळीकडे सारखा केला. सेलिन लाल गाऊनमध्ये देवळात गेली. फादर पुस्तकातून वर बघतात, परत पुस्तकात बघतात, जणू तिथे काही लिहिलंय याबद्दल. गायन मंडळाची पेटी मध्येच थांबली. आणि व्हिन्सेंट? तो असा हसला, असा हसला, की 'होय' म्हणायला त्याला फादरनी दोनदा विचारलं. लोक म्हणाले, मुंबईची नवी पद्धत असेल. आणि पुढे ऐक— व्हिन्सेंटचं दुबईचं ठरत होतं. कागद झाले होते, एजंट भेटला होता. लग्नानंतर महिन्याने व्हिसा फिसकटला. आजही वालीवलाच आहे, सहा वाजले की दारावरून सायकलची घंटी. सेलिन पायरीवर उभी असते त्याची वाट बघत. फ्लॉसी माझ्याकडे बघते. नुसती बघते.

मला राग नाही आला सेलिनचा. का येईल? चांगलंच झालं तिचं. फक्त ती घंटी वाजली की माझी शिलाई वाकडी जाते. तिरकी, बघ, तुझ्या बाहीवर पण गेलीय इथे— ही काल संध्याकाळची. उसवून देईन.

तर एका दुपारी घरात कुणी नव्हतं. फ्लॉसी शाळेत, सासू-सासरे केळीच्या वाडीत पाणी द्यायला. मी पेटी उघडली. मला काही होत नव्हतं, डोकं ठिकाणावर होतं, मी शिकलेली बाई आहे, सातवी झालीय माझी. तीन पुड्या आणल्या होत्या. तशा परकराला म्हणून आणल्या होत्या. आणि घातला बादलीत माझा गाऊन. हातांनी दाबून धरला, फुगून वर येत होता सारखा. आता हस, हवं तर. हस की. वाळवला घरातच, दार लावून, आणि ठेवला परत पेटीत, फ्लॉसीलासुद्धा सांगितलं नाही.

चौदा महिने पत्र नव्हतं गं त्याचं.

हं? कोण म्हणालं येतात? सासरे म्हणाले? हो, त्यांना वाटतं येतात— म्हणजे येतात, दर महिन्याला येतं, पोस्टमन काय मीच— तसं नव्हे. म्हातारी माणसं आहेत. सासरे संध्याकाळी ओटीवर बसून विचारायचे, पत्र आलं का? एकदा म्हटलं आलं. मग वाचून दाखवावं लागलं. मग त्यांना हातात धरून बघायचं होतं. मग लिहावं लागलं. एकदा लिहिलं की पुढच्या महिन्यात परत लिहावंच लागतं. प्लासिडचं अक्षर मला येतं, तो 'ळ' मोठा काढतो. गरम फार आहे, जेवण बरं आहे, फ्लॉसीला पापा. एकदा तर मी लिहिलं की क्लेमेंटीनला, म्हणजे मलाच, नवीन मशीन घेऊन द्या. सासऱ्यांनी दिली घेऊन. हीच ती.

ऐक ना पण, गंमत पुढे आहे. गाऊन बुडवला त्याच्या एकोणिसाव्या दिवशी पत्र आलं. खरं. पाकिटावर बहारीनचं तिकीट, अक्षर त्याच्या हातचं. दोन ओळी— कंपनी बदलली, तब्येत बरी, डिसेंबरात यायचं बघतो. धावत जाऊन सासऱ्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, उलटं करून बघितलं आणि म्हणाले, "हे प्लासिडचं नाही." म्हटलं, अहो, त्याचंच आहे! तर कपाटातला गठ्ठा काढून शेजारी ठेवून दाखवतात मला— "हे बघ त्याचं अक्षर, हा बघ त्याचा 'ळ'. आणि फ्लॉसीला पापा नाही, माझी चौकशी नाही. कुणीतरी टवाळी केलीय तुझी, सूनबाई." आणि फाडलं. माझ्या डोळ्यांसमोर चार तुकडे केले. आणि मी काय बोलू? बोलले तर ती बाकीची सगळी पत्रं... मी म्हटलं, हो पपा, टवाळीच असेल.

तुकडे आहेत माझ्याकडे. चिकटवलेत.

हे तू कुठे बोलायचं नाहीस. मी काहीतरीच बोलत गेले. झालं तुझं, वरचं झालं, आता फक्त घेर— तू का रडतेस? टोचलं? मग? आरशात बघितलंस ना, मी सांगितलं होतं— नाही? मग काय झालं?

कोण, तुझा? कुठे? ... कधी निघणार? ... अगं, पण लग्न एकवीस तारखेला ना! ... म्हणजे लग्नानंतर पंधराच दिवस. ... दोन वर्षांचा करार, की तीनचा?

नाही. हे बघ, नाही. तुझ्या आईने माझ्याकडे पांढरा सॅटिन दिलाय, चर्चमध्ये दोनशे माणसं येणार, फादर आधीच माझ्याकडे बघून मान हलवतात. मी शिवणारी बाई आहे. आणि तो सिनेमा होता गं, लाईट गेली होती, टेप पुढे गेली होती, मी तुला सगळं नीट सांगितलं की नाही? सहा वर्षांच्या पोरीचं खूळ ते. व्हिन्सेंटचा व्हिसा फिसकटायचाच होता, तो एजंटच लबाड होता. आणि माझं पत्र... ते निघालं असेल तिकडून आधीच. एकोणीस दिवस लागतातच यायला. नाही, मी नाही बुडवणार. तू अशी बघू नकोस माझ्याकडे.

...

काढ. हळू, डोक्यावरून काढ. ठेव इथे टेबलावर. आईला म्हणावं, कमरेत सैल आहे, मंगळवारी परत बोलावलंय. हो, एकटीच ये. आता जा, सासरे यायची वेळ झाली. जा म्हटलं ना— आणि हे बघ, पांढरे बूट घेतले नसशील तर घेऊ नकोस.