माझ्या नावावर बघितलेला धबधबा

—तो फोन तिकडे ठेव, टेबलावर, पालथा, आणि आधी बस. अगं बस की — नाही, त्या पलंगावर नको, तो तिचा. खुर्चीवर बस. वाजला तर वाजू दे. कालपासून घेऊन येतेस, घेऊन जातेस, जिने चढून चढून तुझे ते चकचकीत बूट झिजले तर तुझी कंपनी पगारातून कापून घेईल. हसलीस? हसलीस, बघितलं मी. आल्यापासून तोंड असं करून उभी होतीस, जणू मी तुझीच कोणी गेलेय — म्हणजे ती. ती गेलीय, धाकटी. तसंच सांगितलंस ना काल, इथेच दारात, टोपी काखेत धरून — मोठ्या आजी, धीर धरा, तुमच्या धाकट्या जाऊबाई धबधब्यापाशी आज पहाटे गेल्या. छान बोललीस हो. आपली भाषा येते म्हणून असली कामं तुझ्याच गळ्यात मारतात वाटतं? एवढ्या मोठ्या जहाजावर नाचणारे वेगळे, गाणारे वेगळे, टॉवेलचे हंस करून पलंगावर बसवणारा वेगळा, आणि माणूस मेलं की मात्र तू.

बोलीन गं धाकटीच्या लेकीशी. नाही कुठे म्हटलंय? उद्या बंदरात ती येणारच आहे, आईला घ्यायला — त्याआधी मोठ्या काकूशी दोन शब्द बोलायचेत तिला, आईचं शेवटी काय झालं ते ऐकायचंय. साधी गोष्ट आहे. कुणीही बोलेल. पण बोलू काय? मी नुसतं हॅलो म्हटलं तरी ती ओळखेल — लहान असताना मी कपाटामागे लपायचे आणि ती माझ्या श्वासावरून मला काढायची बाहेर, कान केवढे तिखट, आणि हट्टी किती, माझी पोर म्हणजे —

म्हणजे आमची. एका घरात वाढली, घरातली पोर सगळ्यांचीच. मोठी काकू म्हणजे आईच की. अशी काय बघतेस? बघू नकोस अशी. पाणी पी. नाही? मग मी पिते.

बरं. दार लोट. लोट आधी.

धाकटी मीच. ओरडू नकोस, शेजारच्या खोलीतली बाई कान लावूनच असते. हात लाव, हा घे हात, गरम आहे का नाही? भूत असते तर तुमच्या जहाजावरचं ते पांचट सूप कशाला प्यायले असते? मी धाकटी, आणि ती गेली ती थोरली. माझी जाऊ. दोघींचं आडनाव एक, खोली एक, आणि पहिल्या दिवशी गळ्यातल्या या कार्डासाठी फोटो काढला ना, तेव्हा मीच तिला माझ्यासारखाच निळा स्कार्फ बांधायला लावला होता, चष्माही माझाच घातला तिला. का म्हणजे? गंमत. तुम्हा लोकांना म्हाताऱ्या सगळ्या सारख्याच दिसतात की नाही ते बघायचं होतं. तूच पहिल्या दिवशी मला मोठ्या आजी म्हणालीस, आठवतं? मी काही बोलले नाही. मजा वाटली. पुढे जहाज हलायला लागलं तशी तिला मळमळ सुरू झाली, मग दोघी आम्ही इथेच, या चार भिंतींत, मी तिच्यापुढे बादली धरायचे आणि ती मला म्हणायची बादली तिरकी धरतेस. कुणाला आमची तोंडं ठाऊक असणार?

आता विचारशील कार्ड कसं बदललं. धबधब्याची सहल माझी होती. माझ्या लेकीनं पैसे भरले — बसनं जायचं, एक रात्र तिथल्या लॉजमध्ये, खोलीतून समोर धबधबा, दुसऱ्या दिवशी परत जहाजावर. थोरलीच्या मुलानं तिचे भरले नव्हते. वाईट नाही गं तो, माझा पुतण्या आहे, गुणी आहे, पण डॉक्टरनं सांगितलं होतं छातीला चढ-उतार झेपणार नाही, म्हणून तो म्हणाला आई, तू जहाजावरच आराम कर. आराम! जन्मभर त्या बाईनं आराम केला नाही आणि समोर धबधबा आल्यावर आराम करायचा. मला त्या पाण्याचं एवढं काही नव्हतं, खरं सांगते. मला पाणी म्हणजे भांडी. तिला होतं. आमच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर एक कॅलेंडर होतं, धबधब्याचं चित्र असलेलं, वर्ष कधीच संपून गेलं होतं, धुरानं पिवळं पडलेलं, पण ती काही उतरवू द्यायची नाही. आणि मी काय करायचे — सांगू? सकाळी उठून त्या कॅलेंडरखाली फरशीवर वाटीभर पाणी ओतायचे आणि म्हणायचे, जाऊबाई, अहो बघा, पुन्हा गळायला लागलं. ती फडकं घ्यायची, तोंड फिरवून पुसायची, एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मला वाटायचं, दगड आहे ही. रागावतही नाही, हसतही नाही.

तर परवा सकाळी ती तयार होऊन पलंगावर बसली होती — कुठे जायचं नव्हतं तरी केस विंचरून, बूट घालून. खिडकीतून बस दिसत होती खाली. मी माझं कार्ड काढलं आणि तिच्या गळ्यात घातलं, तिचं माझ्या. म्हटलं, जा, माझ्या नावावर बघून या. ती म्हणाली लबाडी आहे ही. मी म्हटलं हो. मग ती उठली. बस्स, एवढंच. माझा लाल कोट चढवला, दारात मशीन पुंई करून वाजलं, पोऱ्यानं पडद्यावरचा निळा स्कार्फ बघितला, तिचा बघितला, या म्हणाला. मी वरून बघत होते. वाटलं वळून बघेल. नाही बघितलं. चालत मात्र माझ्यासारखी होती, मेली — हात हलवत.

म्हणून काल तू आलीस आणि म्हणालीस धाकट्या गेल्या, तर मी हसले. आठवतं ना? तू घाबरलीस, डॉक्टरला बोलावू का म्हणालीस. अगं, मला वाटलं थोरलीनं जन्मात पहिल्यांदा माझी खोड काढली. वाटलं कुठून तरी डोकावेल. मग तू तो लाल कोट आणून दिलास, घडी घालून, पिशवीत. ओला होता.

तेव्हाच सांगायला हवं होतं, मला कळत नाही का? तोंड उघडलं होतं मी. आणि तू म्हणालीस, मोठ्या आजी, तुमच्या मुलाचा निरोप आलाय, वाचू का — आणि वाचलास. आई, तू ठीक आहेस ना, एवढंच सांग, काकीचं ऐकून जीव गेला होता, मग कळलं तू जहाजावरच होतीस. आता सांग. तू असतीस तर काय केलं असतंस? एका पोराचा जीव नुकताच भांड्यात पडलाय. तिकडे माझी पोर रडतेय. मी खरं बोलले की हिची आई उठून बसते आणि त्याची आई मरते. खोटं बोलले की उलटं. मी म्हटलं, जरा वेळ जाऊ दे. एक तास. मग चहाची वेळ झाली.

तो चहा! तुम्ही लोकांनी ठेवला होता ना, वरच्या हॉलमध्ये, गेलेलीसाठी, माझा फोटो लावून, फुलं ठेवून. आपल्याच मयताचा चहा पिऊन आलेली मीच एकटी असेन. बिस्किटं मऊ पडलेली होती, कुणीतरी सांगा त्यांना. म्हटलं बसू या मागे, बघू तरी माझ्याबद्दल काय काय बोलतात. आणि ते सहलीतले एकेक उठून बोलायला लागले, काहींना आपली भाषा येत होती, बाकीच्यांचं तूच सांगत होतीस ना मला कानात? ते दाढीवाले मास्तर म्हणाले, बाईंनी बसमध्ये सगळ्यांना हसवून बेजार केलं. त्यांची टोपी लपवली. कुणी? थोरलीनं! लॉजमधल्या जेवणाच्या टेबलावर मीठ आणि साखर उलटी ठेवली. गाणं म्हटलं, बेसूर. मी ऐकतेय आणि बोटांवर मोजतेय — कारण हे सगळं माझं आहे गं. सगळ्या माझ्या खोड्या, एकेक, ओळीनं. टोपी माझी, मीठ-साखर माझी. ज्या बाईला मी उभ्या जन्मात हसताना बघितलं नाही, ती तिकडे माझं कार्ड गळ्यात घालून एक दिवस मी झाली होती. आणि बरी झाली होती! मास्तर म्हणाले, अशी गमती बाई पाहिली नाही.

मग ती दातांची डॉक्टरीण बोलली — तिला आपली भाषा येते, पण तिथे सगळ्यांना कळावं म्हणून त्यांच्या भाषेत बोलली. तिनं सांगितलं की संध्याकाळी बाल्कनीत दोघी बसल्या होत्या, समोर ते एवढं पाणी कोसळतंय, बोललेलं ऐकू येईना, कानाशी तोंड नेऊन बोलावं लागत होतं. आणि बाई त्यांच्या थोरल्या जावेबद्दल सांगत होत्या. म्हणजे कुणाबद्दल? स्वतःबद्दलच की! मी खुर्ची घट्ट धरली. वाटलं, आता निघेल सगळं, मला काय काय वाटायचं तिच्याबद्दल ते तिला ठाऊक असणारच, दगड, खडूस, बादली तिरकी — आता माझ्याच तोंडानं स्वतःला शिव्या घालेल. काय म्हणाली असेल? तूच सांगितलंस ना मला ते, कानात, शब्द न् शब्द. तुला वाटलं माझं सांत्वन करतेस. थोरलीनं तिला सांगितलं होतं, मी रोज जावेच्या कॅलेंडरखाली पाणी ओतायचे. ती तोंड फिरवून पुसायची. मला वाटायचं तिला राग येतो. पण तिला हसू आवरायचं नाही म्हणून ती तोंड फिरवायची. त्या घरात दिवसभरात हसण्यासारखं तेवढंच असायचं, सकाळी उठल्यावर ती आधी तेच बघायची, आज ओतलंय का.

हं.

थांब जरा. त्या नळाचं बघ गं, बंद करून ये. कालपासून गळतोय. नाही गळत? नीट बघितलंस? मला ऐकू येतंय. इथे खालून पाणी जात असतं ना, जहाजाच्या पोटाखालून, ते असेल. काल रात्रभर वाटत होतं कुणीतरी वाटीवाटीनं ओततंय. आणि पहाटे त्या पलंगावरून ती खोकली. तिचाच खोकला, दोनदा, कोरडा. उठून बसले तर घसा माझा दुखत होता. काय म्हणायचं याला? हे बघ, हा चष्मा तिचा आहे, कोटाच्या खिशातून निघाला, काल उगाच घालून बघितला, तर मला त्यातून स्वच्छ दिसतं. कधी दिसायचं नाही. कपड्यांच्या घड्याही अशा पडतायत हातून, काठाला काठ लावून, मी तर सगळं कोंबणारी बाई. आणि जेवणाच्या हॉलमध्ये गेलं की दारातलं मशीन या कार्डाला बघून तिचं नाव घेतं, शुभ सकाळ म्हणतं, पडद्यावर तिचं तोंड, माझा स्कार्फ. पुडिंगही बिनसाखरेचं आणून ठेवतात, तिला साखर होती म्हणून. खाते. मुकाट्यानं खाते. कारण या अख्ख्या जगात आता ती त्या एका मशीनसाठी जिवंत आहे, आणि त्या पोरासाठी. मी हे गळ्यातलं काढलं की संपलं.

कुठे सापडली म्हणालीस? बाल्कनीत, खुर्चीत, धबधब्याकडे तोंड करून, हो ना? पायरीवर-बियरीवर नाही? पडली नाही ना कुठे? कोट घालून बसली होती. आणि समोरचा कप तुषारांनी भरून वाहत होता, चहा कुठला न् पाणी कुठलं. तू सांगितलंस ते, पण पुन्हा सांग. बघत होती ना? डोळे उघडे होते? मिटलेले. बरं. मिटलेले बरे. भरपूर बघून झालं असेल.

तू काय म्हणतेस, उद्या? मला ठाऊक आहे उद्या काय ते. रात्री झोप नसते, तेच बघते मी. बंदरात माझी लेक उभी राहणार, पेटी उघडणार, हुंदका दाबून आत बघणार आणि आत मोठी काकू. आणि मागून मी काठी टेकत जिना उतरणार. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी खोडी होईल ती, आणि पोर माझी जागच्या जागी कोसळेल. असली खोडी मी नाही करत. मी टोपी लपवते. मीठ-साखर उलटी करते. माणसं नाही उलटी करत.

आणि झाली तर झालीच आहेत उलटी.

वाजतोय. तो बघ, टेबलावर कसा सरकतोय, किड्यासारखा. तीच असणार, एवढा वेळ दुसरं कोण वाजवेल. थांब, हात लावू नकोस, मला चष्मा बदलू दे, माझा कुठेय — हा. आणि हे कार्ड काढून घे, मागची गाठ सुटत नाही मला. हां. ठेव तिथे, तिच्या उशीवर. आता ऐक. माझं हे बोलून झालं की पुतण्याचा नंबर मीच लावीन. तू काही बोलायचं नाहीस त्याच्याशी, ना निरोप, ना धीर धरा, काही नाही. त्याची आई त्याला माझ्या तोंडूनच कळेल. तिनं सांगितलेलंही सांगेन, हसायची ते. त्यालाही ठाऊक नसणार.

दे.

हॅलो.

नाही गं.

काकू नाही.

अगं ऐक, ऐक ना, रडू नकोस — हो. हो, बाळा. मीच. — तू का उभी आहेस अजून? जा. दार ओढून घे.