धार ऐकणारी मुलगी

अधिकारी बाई: म्हणजे तुमची पुतणी सोळा वर्षांची झाली, तरी तिच्या कानामागे सांग्या नाही. खरं की खोटं, तेवढंच बोला.

काका: खरं आहे, बाई. पण आम्ही पडलो नळदुरुस्तीवाले. पाइप कुठे गळतोय ते भिंतीला कान लावून शोधायचं. सांग्या दिवसभर कानात बडबडणार, उजवीकडे वळा, पाणी प्या, आता हसा. त्यात गळती ऐकू यायची कशी?

अधिकारी बाई: बाकीच्यांचा निदान बटण दाबून गप्प तरी होतो. हिला आज दुपारी टाके घालून बिनबटणाचा, कायमचा बसवायचा हुकूम आहे.

काका: म्हणजे पोरीचा धंदा बुडाला. टाके घाला, पण आधी सांग्ये बंद पडले त्या दिवसाचं ऐका. चौकात चारशे माणसं उभी, घर कुठल्या दिशेला ते एकालाही ठाऊक नाही. एक गृहस्थ स्वतःच्याच दारात अडकलेले, आत जायचं की बाहेर ते कोणी सांगेना. दुपारपर्यंत त्यांच्या टोपीत कबुतराने अंडं घातलं.

पुतणी: काका, अंडं नव्हतं.

काका: बेतात होतं. तर ही तिथे गेली आणि एकेकाला विचारत सुटली, तुमच्या घरी नळाला धार कशी येते? पत्ता कोणाला सांगता येईना, पण धार सगळ्यांना पाठ. करंगळीएवढी येते म्हणाले, ते टेकडीवरचे. बादली उलटते म्हणाले, ते खालच्या आळीतले. मग रस्त्यातल्या पाइपांना कान लावत निघाली, आणि मागे ही मिरवणूक.

अधिकारी बाई: त्यातले एकोणीस जण भलत्याच घरी पोचले. नोंद आहे माझ्याकडे.

काका: आणि तक्रारी किती? दोन. त्याही परत आपल्या घरी नेलं म्हणून.

अधिकारी बाई: तुम्ही जरा थांबा. मुली, तू सांग. चुकलीस हे कळलं कसं?

पुतणी: एका आजींनी नळ सोडून बघितला. म्हणाल्या, हा आवाज आमचा नाही. मग सगळ्यांना घेऊन मागे फिरले. असं तीनदा झालं.

अधिकारी बाई: मागे फिर म्हणून कोणी सांगितलं?

पुतणी: कोणी नाही.

अधिकारी बाई: भीती नाही वाटली?

पुतणी: वाटली की. पण पाइप ऐकताना श्वास रोखावा लागतो, त्या नादात विसरले.

काका: बाई, तुमचा सांग्या काय म्हणतोय?

अधिकारी बाई: टाके घाला म्हणतोय. मघापासून तेच.

(बाई कानामागचं बटण दाबतात. कागद पुढे ओढतात.)

अधिकारी बाई: मी लिहिते, कामाला दोन्ही कान लागतात, सबब सूट. खाली सही माझी.

काका: वरचे विचारतील तुम्हाला.

अधिकारी बाई: विचारू देत. उत्तर सुचायला वेळ लागेल, एवढंच.

पुतणी: मग निघू आम्ही?

अधिकारी बाई: थांब. त्या दिवशी मी इथेच बसून होते, दुसऱ्या सकाळपर्यंत. आमच्या घरचा नळ आधी दोनदा खोकतो, मग बारीक धार लागते. तेवढं लक्षात ठेव.